गोव्यात राहून गाड्यांची स्केल मॉडेलं बनवताना नेहमी पडणारे प्रश्न

मॉडेल कार बनवायला सुरुवात करणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच तेच असतात, पण नेटवर मिळणारी उत्तरं जपान नाहीतर युरोप-अमेरिकेतल्या हवेला धरून असतात. तिकडचा माणूस म्हणतो रंगाचा एक हात द्या, अर्ध्या तासाने दुसरा द्या, आणि जुलैमध्ये पणजीत तेच केलं की बॉडीवर पांढुरकी झाक येते आणि नवा माणूस समजतो आपल्यालाच जमत नाही. जमतं, फक्त इथल्या हवेचं वेळापत्रक पाळावं लागतं. म्हणून ही उत्तरं गोव्याच्या हिशेबाने लिहिली आहेत.

मुळात हे आहे काय? दुकानात मिळते ती छोटी गाडी म्हणजेच मॉडेल ना?

ती डायकास्ट, म्हणजे धातूची, तयार, रंगवलेली. हॉट व्हील्स, माइस्टो, बुरागो वगैरे. ती जमवणं हा छान छंद आहे पण वेगळा. इथे आपण बोलतोय किटबद्दल. खोक्यात पॉलिस्टायरीन प्लास्टिकच्या जाळ्या येतात, त्यांना रनर म्हणतात (काहीजण स्प्रू म्हणतात), त्यावर गाडीचे सुटे भाग लागलेले असतात, सोबत रबरी टायर, काचांचे पारदर्शक भाग, पाण्यात सोडायची स्टिकरं म्हणजे डिकल आणि एक माहितीपत्रक. कापायचं, घासायचं, रंगवायचं, जोडायचं, सगळं आपण. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या जपानी कंपन्या, रेवेल आणि इतालेरी युरोपातल्या, आणि जुन्या अमेरिकन गाड्या हव्या असतील तर एएमटी.

1/24 म्हणजे काय आणि कुठलं स्केल घेऊ?

खरी गाडी 24 पट लहान केली. मारुती 800 साधारण 3.3 मीटर लांब, ती 1/24 मध्ये 14 सेंटिमीटर होते, म्हणजे तळहातावर बसेल. ॲम्बेसेडर 18 सेंटिमीटरच्या आसपास. गाड्यांचं मुख्य स्केल हेच. अमेरिकन किटं बरीचशी 1/25 मध्ये असतात, शेजारी ठेवली तर फरक फारसा कळत नाही. तामियाच्या फॉर्म्युला वन गाड्या 1/20 मध्ये येतात, 1/12 म्हणजे मोठं प्रकरण, त्याला जागा, पैसा आणि धीर तिन्ही लागतं. सुरुवातीला डोळे झाकून 1/24 घ्या.

तामियाचं नाव एवढं का घेतात तेही सांगतो. सत्तरच्या दशकात 1/12 ची पोर्शे 934 काढायच्या वेळी शुनसाकू तामियांनी खरी पोर्शे 911 विकत घेऊन ती सुटी करून आतून बघितली होती. ती सवय त्यांच्या किटांत आजही दिसते, भाग भागात बसतो, फटी भरायची पुट्टी जवळजवळ लागत नाही.

पहिलं किट कसं निवडू?

ज्यात इंजिन नाही ते. बॉनेट बंद, खाली चॅसी, आत सीट आणि डॅशबोर्ड, संपलं. अशा किटांना कर्बसाईड म्हणतात. रंग शक्यतो एकच, बॉडीवर पट्ट्या नकोत, रेसिंगची शंभर डिकलं नकोत. मॉरिस मिनी कूपर किंवा फोक्सवॅगन बीटलचं असं किट चांगलं, आणि बीटल तर आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या आठवणीतली गाडी, पोर्तुगीज काळात युरोपातल्या गाड्या गोव्यात सर्रास यायच्या, त्यामुळे घरातल्या आजोबांनाही त्यात रस वाटतो आणि टेबलावर पसारा केल्याबद्दल कोण बोलत नाही.

इथे मिळतं कुठे? किती पैसे जातात?

खरं सांगायचं तर पणजी, मडगाव, म्हापसा कुठेही खेळण्यांच्या दुकानात चांगलं किट मिळेल या भरवशावर राहू नका. मुंबई, पुणे, बेंगळुरूच्या हॉबी दुकानांकडून ऑनलाईन मागवायचं. 1/24 चं बरं किट दोन-अडीच हजारांपासून पुढे. बाहेरून थेट मागवलं तर पोस्टेज आणि कस्टमची ड्युटी धरून हिशेब करा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेलं महाग पडतं. एक गोष्ट लक्षात असू द्या, स्प्रे कॅन हे दाबाखालचं ज्वलनशील सामान आहे, विमानाने जाणाऱ्या कुरियरला ते चालत नाही, त्यामुळे कॅन रस्त्याने येतात आणि वेळ लागतो. रंग कुठल्या महिन्यात मारायचा ते आधी ठरवा आणि मग ऑर्डर द्या.

बाकी बरंचसं इथेच मिळतं. वॉटर पेपर, मास्किंग टेप, रबिंग कंपाउंड गाड्यांच्या रंगाच्या दुकानात, नखं घासायचे बफर ब्युटीपार्लरचं सामान विकणाऱ्यांकडे (रंग पॉलिश करायला हे उत्तम), बांबूच्या काड्या आणि कपड्यांचे चिमटे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात ढिगाने.

हत्यारं कुठली लागतात?

कमी. भाग कापायला चांगला निपर, टोकदार पात्याचा हॉबी नाईफ, 400 पासून 3000 पर्यंतचे वॉटर पेपर (आकडा मोठा तितका पेपर बारीक), चिमटा, प्लास्टिकचा पातळ सिमेंट, मास्किंग टेप. एवढ्यावर पहिली गाडी होते. निपरवर मात्र पैसे वाचवू नका, वायरमनच्या कटरने कापलं की प्लास्टिक चिरडतं आणि तिथे पांढरा डाग पडतो. भाग रनरपासून थोडा लांब कापायचा, मग उरलेला तुकडा दुसऱ्यांदा कापायचा, मग घासायचा. एकदम कापायला गेलं तर भागातच खड्डा पडतो.

फेविक्विकने जोडलं तर चालेल ना?

सगळीकडे नाही. प्लास्टिकचा सिमेंट हा चिकटवणारा गोंद नाहीच, तो प्लास्टिक वितळवून दोन भाग एक करतो. तामियाचा एक्स्ट्रा थिन, हिरव्या झाकणाचा, त्याची गंमत हातात घेतल्यावर कळते. दोन्ही भाग आधी एकमेकांना धरायचे, मधे केसाएवढी फट, आणि ब्रशचं टोक फटीच्या एका टोकाला नुसतं टेकवायचं, द्रव आपोआप फटीतून धावत दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मग हलकं दाबलं की शिवणीवर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक रेघ वर येते, तिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती घासली की सांधा दिसतच नाही. बोट मात्र फटीवर ठेवू नका, सिमेंट बोटाखाली शिरतो आणि बॉडीवर तुमच्या बोटाचा ठसा कायमचा.

फेविक्विक धातूच्या नाहीतर रेझिनच्या भागांना ठीक. काचेला अजिबात नको, त्याची वाफ पारदर्शक भागावर बसून काच धुरकट होते. काचांना साधा पांढरा फेविकॉल, काडीच्या टोकाने. वाळला की पारदर्शक होतो आणि जास्तीचा ओल्या कापसाने पुसता येतो.

पावसाळ्यात रंग मारता येतो का? (सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न)

बॉडीचा चकचकीत रंग, नाही. बाकी सगळं, हो.

कारण असं. लॅकरचा (झटकन वाळणाऱ्या, थिनरवाल्या रंगाचा) स्प्रे मारला की त्यातलं थिनर झटकन उडून जातं, उडताना पृष्ठभाग थंड करतं, आणि हवेत ओल जास्त असली की त्या थंड झालेल्या रंगावर पाणी जमतं आणि रंगात अडकतं. तीच ती पांढुरकी झाक, ब्लशिंग म्हणतात तिला. काळ्या आणि गडद निळ्या गाडीवर लगेच दिसते, पांढऱ्यावर दिसत नाही पण चमक मरते. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर, आणि त्या दिवसांत पाऊस थांबलेला असला तरी हवा ओलीच. आकाश बघून ठरवू नका. चारपाचशे रुपयांत ह्युमिडिटी दाखवणारं छोटं मीटर मिळतं ते घ्या आणि 65-70 टक्क्यांच्या वर आकडा असेल तर कॅनला हात लावू नका.

एसीच्या खोलीत मारू का, असं विचारतात. हवा कोरडी होते हे खरं, पण बंद खोलीत थिनरची वाफ कोंडते, ते धोक्याचं. मग काहीजण बॉडी एसीत ठेवतात आणि बाहेर बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) आणून मारतात, हे तर त्याहून वाईट, कारण थंड बॉडी बाहेर आणल्या आणल्या तिच्यावर दव धरतं. बॉडी बाहेरच्या तापमानाला आल्याशिवाय स्प्रे नाही.

झाक आलीच तर घाबरायचं कारण नाही. कोरड्या दिवसाची वाट बघा आणि त्यावर एक हात द्या, बऱ्याचदा ती निघून जाते. एअरब्रश असेल तर थिनरमध्ये रिटार्डर घातला की रंग सावकाश वाळतो आणि ओल बाहेर पडायला वेळ मिळतो.

माझा सल्ला एकच. वर्षाचे दोन भाग करा. जून ते सप्टेंबर कापणं, घासणं, आतली सीट, डॅशबोर्ड, चॅसी, इंजिन, सगळं ब्रशने रंगवायचं काम. ॲक्रिलिक रंग ब्रशने पावसातही वाळतात, उशिरा वाळतात एवढंच. चवथ (गणेश चतुर्थी) झाली, पाऊस ओसरला की प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर. आणि बॉडीचा रंग डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा-अकरानंतर, दव उडून गेलेलं असतं आणि समुद्रावरचा दुपारचा वारा अजून सुटलेला नसतो. वारा सुटला की धूळ आलीच. या पद्धतीने वर्षाला दोन-तीनच गाड्या होतील, पण त्या बघण्यासारख्या होतील.

स्प्रे कॅन की एअरब्रश?

सुरुवात कॅनने. तामियाचे टीएस कॅन घ्या, 100 मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये 1/24 च्या दोन बॉडी आरामात होतात. नाव नीट वाचून घ्या, पीएस नावाचे कॅनही असतात ते रिमोटच्या गाड्यांच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी आहेत, आपल्या प्लास्टिकवर ते नको. मारण्याआधी कॅन कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवला की फवारा बारीक येतो. कोमट म्हणजे हाताला सोसेल असं, गॅसवर गरम केलेलं कधीच नाही, कॅन फुटतो.

हार्डवेअरच्या दुकानातला लोखंडी गेटवर मारायचा स्प्रे उघड्या प्लास्टिकवर थेट मारू नका, त्यातलं थिनर तीव्र असतं, बारीक भेगा पडतात.

एअरब्रश घेतलात तर 0.3 मिलिमीटरचं नोझल, टाकीवाला कॉम्प्रेसर, आणि पाणी अडवणारा ट्रॅप. ट्रॅपशिवाय गोव्यात एअरब्रश वापरूच नये, कॉम्प्रेसर हवेतली ओल दाबून तिचं पाणी करतो आणि ते थेंब थेट बॉडीवर उडतं. टाकीच्या खालचा स्क्रू काम झालं की रोज सोडा. गणपतीच्या चित्रशाळेत कुणी ओळखीचं असेल तर चतुर्थीच्या आधी तासभर तिथे जाऊन बसा, मूर्तीच्या गालावर लाली कशी देतात ते बघा. हात कायम फिरता, फवारा मूर्तीच्या बाहेर सुरू होतो आणि बाहेरच थांबतो. आपल्याला हेच शिकायचंय.

रंग आरशासारखा कसा येतो?

पातळ हातांनी आणि भरपूर वाळवून. आधी हिशेब बघा, बॉडीवर रंगाचा थर 0.1 मिलिमीटर झाला तर 24 पटीने ती खऱ्या गाडीवर जवळजवळ अडीच मिलिमीटरची जाडी. मग दाराच्या फटी बुजतात, बॅज दिसेनासे होतात आणि गाडी खेळणं वाटते. म्हणून बॉडी भांड्याच्या साबणाने धुवायची (साच्याचं तेल असतं), साच्याच्या रेघा घासून काढायच्या, प्रायमर, 1000 चा पेपर पाण्यातून हलका, मग रंगाचे दोन पुसट हात आणि एक ओला हात. ओला म्हणजे चमकेल इतकाच. लाल प्लास्टिकवर पांढरा नाहीतर पिवळा रंग द्यायचा असेल तर मधे चंदेरी थर द्या, नाहीतर लाल वर झिरपतो.

नंतर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक चकचकीत थर. तो आठवडाभर तरी वाळू दे, इथल्या हवेत दोन. वास येतोय तोवर वाळलेला नाही, नाक लावून बघा. मग 2000 आणि 3000 च्या पेपरने संत्र्याच्या सालीसारखा पोत काढायचा आणि कंपाउंड तीन पायऱ्यांत, कोर्स, फाईन, फिनिश. कडांवर पेपर नेऊ नका, तिथे रंग सगळ्यात पातळ असतो आणि खालचं प्लास्टिक उघडं पडतं.

क्रम पण लक्षात ठेवा. लॅकरवर ॲक्रिलिक किंवा इनॅमल चालतं, त्यांच्यावर लॅकर मारला तर खालचा थर सुरकुततो. पूर्ण बिघडलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बॉडी बुडवून ठेवा, बरेच रंग सुटून येतात, प्लास्टिकला काही होत नाही.

मास्क लागतोच का?

लागतोच. कापडी मास्क थिनरच्या वाफेला काही कामाचा नाही, एन95 पण नाही, तो घासतानाच्या धुळीसाठी. स्प्रेसाठी ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजचा रबरी मास्क. घरात लहान मूल किंवा दमा असलेलं कोणी असेल तर स्प्रे उघड्यावरच. टू-के क्लिअर नावाचा हार्डनरवाला प्रकार असतो, सुंदर चमकतो पण त्यातली आयसोसायनेट फुप्फुसांना फार वाईट, नीट सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

डिकल चिकटत नाहीत, खाली पांढरं पांढरं दिसतं.

खाली हवा अडकलीय. डिकल नेहमी चकचकीत पृष्ठभागावर, मॅटवर नाही. कोमट पाण्यात काही सेकंद, मग बाहेर ठेवून कागदावर सुटू द्यायचं, ओढायचं नाही, जागेवर सरकवायचं आणि मधून कडेकडे ओल्या ब्रशने पाणी काढायचं. वळणावर बसत नसेल तर मायक्रो सोल (डिकल मऊ करणारा द्रव) लावा, डिकल सुरकुततं, बघून काळजात धस्स होतं, हात लावू नका, वाळताना आपणच ताणून बसतं.

इथली दमट हवा डिकलांची वैरी आहे. किट आलं की डिकलची शीट वेगळी काढून झिपलॉक पिशवीत सिलिका जेलसकट ठेवा. जुनी पिवळी पडलेली शीट पिशवीतच ठेवून उन्हाच्या खिडकीला काही दिवस चिकटवली तर पिवळेपणा बराच उतरतो.

क्रोमचे भाग फार भडक दिसतात.

हो, आणि कापल्यावर तिथे डाग राहतो. कपड्यांच्या ब्लीचमध्ये ठेवलं की क्रोम उतरतं. मग चकचकीत काळा बेस आणि वर अलक्लॅड (धातूसारखी चमक देणारा रंग), किंवा मोलोटोचं लिक्विड क्रोम पेन. खिडकीच्या बारीक पट्ट्यांना बेअर मेटल फॉईल, म्हणजे चिकटवायचा पातळ धातूचा कागद.

टायर चिकट होतात, चाक वितळतं, हे खरं का?

जुन्या किटांत खरं. मऊ टायरमधलं प्लॅस्टिसायझर बाहेर येऊन पॉलिस्टायरीन खातं, उष्णतेत आणखी लवकर. खोक्यात टायर वेगळ्या पिशवीत ठेवा, आणि रिमला आतून रंगाचा थर द्या. किट उन्हात पार्क केलेल्या गाडीच्या डिकीत कधी ठेवू नका, बॉडी वाकडी होते.

मुलांना शिकवायचंय, कुठून सुरू करू?

न चिकटवता बसणाऱ्या स्नॅप किटांपासून. आओशिमाची 1/32 ची सुझुकी जिम्नी छान, प्लास्टिक रंगीतच असतं. पळणारी गाडी हवी असेल तर तामियाची मिनी फोर डब्ल्यूडी, 1982 पासून चालू आहे, मोटर लावून पळते. दिवाळीत नरकासुराचे पुतळे बांधणाऱ्या पोरांना हे शिकवायला वेळ लागत नाही, त्यांना तार, कागद, गोंद सगळं ठाऊक असतं. पातं मात्र मोठ्यांच्या हातात.

गोव्यात दिसणारी गाडी बनवायची आहे, किटच नाही. काय करू?

या प्रश्नाची मी वाटच बघत असतो. आपल्या रस्त्यावरच्या गाड्या आपणच बनवल्या पाहिजेत, त्या दुसरं कोणी बनवणार नाही.

जिप्सी घ्या. 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी म्हणजे लांब व्हीलबेसची सुझुकी जिम्नी. हासेगावाचं 1/24 चं जिम्नी जेए11 किट मिळतं, पण ते आखूड, व्हीलबेस 2030 मिलिमीटर, आणि जिप्सीचा 2375. फरक 345, भागिले 24, म्हणजे 14 मिलिमीटरच्या थोडा वर. दाराच्या मागे बॉडी आणि चॅसी सरळ कापायची, मधे प्लास्टिक शीटची पट्टी भरायची, वरचं छत काढून मागे कापडी हूड करायचं, ग्रिल आणि बंपर शीटमधून. कापण्याआधी ओळखीच्या जिप्सीची टेप घेऊन मापं घ्या आणि बाजूने, समोरून, मागून सरळ फोटो काढा, फार जवळून नको, लांबून झूम करून, नाहीतर आकार फुगतो.

ॲम्बेसेडरसाठी सेंटी कंपनीची प्लास्टिक खेळणी बघा, आकार पकडलेला असतो, चाकं आणि काचा बदलून, रंग उतरवून नीट केली तर चांगलं मॉडेल होतं. जीपसाठी तामियाचं 1/35 चं विलीज आहे. कदंबाची (गोव्याची सरकारी) बस करायची असेल तर 11 मीटरची बस 1/24 मध्ये 46 सेंटिमीटर होते, शोकेसमध्ये मावणार नाही, 1/50 ला करा, 22 सेंटिमीटर, सनबोर्ड आणि शीट पुरते. शेजारी काळी मोटरसायकल पिवळ्या मडगार्डची उभी केली की पायलट (मोटरसायकल टॅक्सी) स्टँड झाला, कुठल्या राज्यातलं आहे ते सांगावं लागत नाही.

स्टिअरिंग बघून घ्या. पोर्तुगालने 1928 मध्ये वाहतूक उजवीकडे नेली, गोव्यात ती डावीकडेच राहिली. युरोपियन किटमध्ये डावं स्टिअरिंग असेल तर इथल्या रस्त्यावरची गाडी करताना डॅशबोर्ड, वायपर दोन्ही उलटवावं लागतं.

गोव्यातल्या रस्त्यांची लाल धूळ मॉडेलवर कशी दाखवायची?

खरीच वापरा. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) भुगा किंवा चिरेखाणीच्या रस्त्यावरची माती उन्हात वाळवा, खलबत्त्यात अगदी बारीक करा, मलमलच्या कापडातून दोनदा गाळा. न गाळता लावलीत तर एकेक कण 1/24 मध्ये खडीएवढा दिसतो. बॉडीवर आधी मॅट क्लिअर, मग मऊ ब्रशने चाकांच्या कमानीत, दारांच्या खालच्या पट्टीवर आणि मागच्या काचेखाली माती थोपटायची, फुंकर मारून जास्तीची उडवायची. उन्हाळ्यातली धूळ वरच्या आडव्या भागांवर बसते, पावसातला चिखल खालून वर उडतो, एकाच गाडीवर दोन्ही करू नका. काचेवर वायपरचा अर्धगोल स्वच्छ ठेवा, तेवढ्यानेच ती चालवलेली गाडी वाटते.

फोटो चांगले येत नाहीत.

फोन उलटा धरा म्हणजे लेन्स टेबलाला टेकते आणि गाडी माणसाच्या उंचीवरून बघितल्यासारखी दिसते. सकाळचं ऊन, मागे खरा रस्ता किंवा चिऱ्याची गडग्याची भिंत. टॉर्च बंद.

पूर्ण झालेलं मॉडेल ठेवायचं कसं, न्यायचं कसं?

झाकण असलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती रंग बदलणारी घ्या म्हणजे कधी तापवून सुकवायची ते कळतं. भिंतीतल्या लाकडी कपाटात पावसाळ्यात बुरशी येते, काचांवर आधी. थेट ऊन नको, डिकल पिवळी पडतात, लाल रंग उडतो.

नेताना मॉडेल कागदात गुंडाळायचं नाही, आरसे आणि वायपर तुटतात. चॅसीला खालून दोन स्क्रू मारून ते लाकडी फळीवर पक्कं करा, फळी खोक्याच्या तळाला. बॉडीला कशाचाच स्पर्श नको. हे स्क्रूंचं आधीच ठरवा, चॅसी बंद करायच्या आधी आतून नट चिकटवावे लागतात, नंतर तिथे बोट जात नाही.